जेवणाच्या टेबलावरची पिसं

१

चमचा कपात खणकन वाजला, आणि तेव्हा कुठं मेरेआनाच्या ध्यानात आलं, की मघापासून घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही.

चमचा सार्जंट हॅगर्टींच्या हातात होता. कप तिच्या घरचा, चहा तिच्या हातचा, आणि हे गृहस्थ आले होते तिच्या भावाला घेऊन जायला.

"पिरिपी, चौकीवर यावं लागेल रे बाबा. चार गोष्टी विचारायच्यात," हॅगर्टी चहा ढवळत म्हणाले.

"इथंच विचारा," मेरेआना म्हणाली. "इथला चहा चालतो, मग प्रश्नही चालतील."

"हे बघ मेरेआना, तू दोन वर्षं वकिली शिकलीस म्हणून मला—"

"दोन वर्षांत एवढं तरी शिकवलं, की आधी पुरावा शोधायचा आणि मग माणूस. तुम्ही माणूस ठरवूनच आलात."

पिरिपी वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. एवढा आडदांड गडी, पण गाठ काही बसेना. मेरेआनाची पाच वर्षांची लेक हुइया हातात पावाचा तुकडा धरून मामाच्या बोटांकडं टक लावून बघत होती. मागच्या अंगणात जमिनीच्या भेगेतून वाफ नेहमीसारखी फुसफुसत होती. तेकोहू या माओरी गावात चूल कुणी पेटवत नाही, धरणीच रांधून देते. पण आज वाफेच्या पेटीतला मका शिजून गाळ झाला तरी कुणाला भान नव्हतं.

हारिएता पणजीची शाल चोरीला गेली होती.

किवी पक्ष्याच्या तपकिरी पिसांची शाल. घराण्यातलं माणूस गेलं की ती शवपेटीवर पांघरायची आणि पेटी मातीआड जाताना उचलून घ्यायची. मेरेआनाच्या आईवर ती होती, वडिलांवरही होती. यंदा पर्यटकांचे कार्यक्रम चालवणाऱ्या कंपनीनं ती सभागृहात काचेच्या कपाटात ठेवायला मागून घेतली. काल संध्याकाळचा नाच झाला तेव्हा ती जागेवर होती. सकाळी झाडायला आलेल्या बाईला कपाट उघडं दिसलं. कुलूप शाबूत, किल्ली खुंटीवर. खुंटी सभागृहाच्या स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघर पिरिपीच्या ताब्यात.

"ती खुंटी अख्ख्या गावाला ठाऊक आहे," मेरेआना म्हणाली.

"अख्खा गाव तुरुंगात जाऊन आलेला नाही," हॅगर्टी म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

सतराव्या वर्षी पोरांच्या नादानं पिरिपीनं एकदा दुसऱ्याची गाडी पळवली होती. त्याची शिक्षा भोगून झाली, गाडीवाल्याची माफी मागून झाली. गाडीवाला विसरूनही गेला. शिक्का तेवढा राहिला. आता पुन्हा आरोप ठेवला गेला, तर न्यायाधीश मागचं-पुढचं जोडून कितीतरी वर्षं आत घालतील, हे त्या खोलीत हुइया सोडून सगळ्यांना कळत होतं.

"ताई, तू मका काढ. मी येतोच," पिरिपी उठत म्हणाला.

येतोच म्हणाला खरा, पण तो आवाज परत येणाऱ्या माणसाचा नव्हता.

२

सभागृहाच्या दारात चार बायकांनी जेवणाचं लांबलचक टेबल बाहेर आणून आडवं पाडलं होतं. तुरोआकाका त्यावर उकळत्या कुंडातलं पाणी बादलीनं ओतत होते. गावातले सगळ्यात वडीलधारे ते. नाचणाऱ्या मंडळींचेही तेच प्रमुख.

"काका, हे काय आरंभलंय?"

म्हाताऱ्यानं मूठ उघडली. तीत चार-दोन तपकिरी पिसं होती. "टेबलावर सापडली. ज्या टेबलावर आपण पाहुण्यांना जेवू घालतो, त्यावर शाल पसरून कुणीतरी घडी घातली! मेलेल्यांच्या अंगावरची शाल, आणि बाजूला लोण्याचं भांडं! अरे, चोरायची तर चोर. पण अशी?" त्यांनी पुढची बादली टेबलावर उपडी केली.

शाल गावाबाहेर गेली नव्हती, एवढं नक्की. पुलावरचं फाटक रात्री बंद होतं आणि राखणदार जागा होता. सकाळपासून लोकांनी गाव पालथं घातलं होतं. माळे, न्हाणीघरं, होड्यांची छपरं, चर्चचं घंटाघर, एवढंच काय, थडग्यांमधल्या फटीसुद्धा. पोलिसांनी पिरिपीच्या खोलीतली गादी उसवून पाहिली. शालीचा पत्ता नव्हता.

कंपनीचे व्यवस्थापक सेल्विन क्रॅडॉक आपल्या कचेरीत येरझाऱ्या घालत होते. मेरेआनाबरोबर आत शिरताना हुइयानं डोक्यावरून ओढलेली लोकरी टोपी हातातून निसटून चहाच्या टेबलावर पडली. क्रॅडॉकनी बोलता बोलता ती उचलली, खुर्चीवर ठेवली, आणि बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं.

"मी आधीच बजावलं होतं. त्या पोराच्या हाती स्वयंपाकघर देऊ नका. आता बघा कंपनीची कशी शोभा झाली ती!"

"शोभा तुमची. शाल आमची," मेरेआना म्हणाली. "तिचा विमा उतरवलाय?"

"अर्थात."

"कुणाच्या नावानं?"

क्रॅडॉकनी गळ्यापाशी टाय सैल केला. "तो... तसा कंपनीच्या नावानं आहे. तशी पद्धतच असते."

"वा! म्हणजे आमची पणजी हरवली तर भरपाई तुम्हाला!"

"बाई, तुम्ही माझ्यावर आरोप करताय?"

"अजून नाही," मेरेआना म्हणाली. पण तिच्या मनानं कधीच करून टाकला होता. बारा महिने हा माणूस 'आमचे माओरी' म्हणत पाहुण्यांपुढं मिरवायचा, जशी काही माणसं नव्हेत, त्याच्या गोठ्यातली गुरंच. तोच चोर निघावा, अशी तिची मनापासून इच्छा होती. आणि इच्छा इतकी जोरात असली, की डोळे नीट काम करत नाहीत, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

३

ती घरी आली तर डॉ. फेनेला प्राउज पायरीवर बसलेली. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाची ही विदुषी पिसांच्या वस्त्रांचा अभ्यास करायला हिवाळ्याच्या आधीच तेकोहूत आली होती. गावातल्या पोरांपेक्षा शुद्ध माओरी बोलायची. नमस्काराला नाकाला नाक लावताना ती डोळे मिटायची, म्हणून म्हाताऱ्या तिच्यावर खूश. हुइया तर तिला फेनेलामावशीच म्हणायची.

"मेरेआना, मला कळलं गं. पिरिपी असं करणं शक्य नाही," ती आत येत म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. हिरवी लोकरी टोपी काढून तिनं पावाच्या ताटलीशेजारी ठेवली आणि मेरेआनाचे हात हातात घेतले.

"मावशी, टोपी—" हुइया बोलायला गेली. मेरेआनानं डोळे वटारले. दुःखात आलेल्या पाहुणीला काय शिकवायचं? तिनं टोपी गुपचूप उचलून दाराच्या खिळ्याला अडकवली.

"तू उद्या निघणार ना?"

"सकाळच्या बसनं. माझ्या पिशव्या सार्जंटना मीच उघडून दाखवल्या. म्हटलं, आधी माझ्यापासून सुरुवात करा." फेनेलानं उसासा टाकला. "काय शाल होती! आणि काय तिचे हाल! ही ओल, हा गंधक. कसर आतल्या आत पिसं पोखरत होती. मी क्रॅडॉकना किती विनवलं, तिला आधी कडाक्याच्या थंडीत ठेवा, किडा मरेल. ऐकतंय कोण!"

"तुला कुणाचा संशय येतो?"

फेनेला जरा घुटमळली. "बोलू नये. पण ती शाल काचेत ठेवायला सगळ्यात जास्त विरोध तुरोआकाकांचाच होता ना? परत आणायची म्हणून त्यांनीच... म्हणजे चोरी नव्हेच ती, मेरेआना. आपली वस्तू आपण नेली."

हा विचार मेरेआनाच्याही मनात कधीचा डोकावत होता.

४

तुरोआकाका सभागृहाच्या पायरीवर हात सुकवत बसले होते.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावणार."

"शाल तुम्ही तर नाही ना नेली? म्हणजे... काचेतून सोडवायला?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. राग असता तर परवडला असता.

"नेली असती," ते सावकाश म्हणाले. "दिवसाढवळ्या, चार माणसांसमोर, गात गात नेली असती. पण पोरी, ती मी त्या टेबलावर ठेवली असती? अंधारात, घाईत, डोक्यावर बंदूक ठेवली असती तरी?" त्यांनी मान फिरवली. "हॅगर्टीनं तुझ्या भावाला जे विचारलं, तेच तू मला विचारलंस. फक्त त्यानं चहा पिऊन विचारलं."

शरमेनं मेरेआनाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती त्यांच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं काकांचा भला मोठा हात तिच्या डोक्यावर आला.

आणि त्या हाताखाली तिचं डोकं शांत झालं, आणि शांत झाल्यावर चालायला लागलं.

टेबल. सगळं टेबलापाशी येऊन थांबत होतं. डोक्यावरचं, अंगावरचं, मेलेल्याचं जे काही असेल ते अन्नाजवळ आणायचं नाही, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. पिरिपी तर हात पुसायचा टॉवेल आणि ताटं पुसायचा टॉवेल एका बादलीत भिजवणाऱ्याच्या अंगावर धावून जातो. तो नाही. काका नाहीत.

मग क्रॅडॉक? तिला क्रॅडॉकच हवा होता. पण आज सकाळी हुइयाची टोपी टेबलावर पडली, तेव्हा क्रॅडॉकच्या हातानं ती क्रॅडॉकला न विचारता उचलली होती. रोज पाहुण्यांवर 'टेबलावर बसू नका, टोप्या ठेवू नका' म्हणून ओरडता ओरडता त्याच्या हाताला वळण लागलं होतं. माणूस नतद्रष्ट खरा, पण हात शिकलेला.

न शिकलेला हात कुणाचा?

पावाच्या ताटलीशेजारी एक हिरवी टोपी. ओठांवर सगळे मंत्र, सगळ्या वंशावळी पाठ. आणि दुःखाच्या भरात, स्वतःकडं लक्ष नसताना, टोपी पावापाशी.

"काका," ती ताडकन उठली, "आपण कुठं शोधलं नाही?"

"सगळीकडं शोधलं."

"नाही. आपल्याला जिथं शोधायचं सुचलं, तिथं शोधलं. ज्याच्या हाताला टेबल कळत नाही, त्याला स्वयंपाकघर तरी कुठं कळणार? शालीतली कसर मारायला कडाक्याची थंडी लागते. ती तिथल्या फ्रीजरमध्ये आहे, एवढंच त्या माणसाच्या मनात आलं असेल!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. दोघं स्वयंपाकघरात शिरले. मेरेआनानं मोठ्या फ्रीजरचं झाकण उचललं, गोठलेलं मटण बाजूला सारलं. सगळ्यात तळाला, मेंढीच्या दोन मांड्यांखाली, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. प्लॅस्टिकच्या आत पांढरा पातळ कागद. कागदाच्या कोपऱ्यातून एक तपकिरी पीस डोकावत होतं.

"हात लावू नकोस," तुरोआकाका कसंबसं म्हणाले. "थांब. आधी तिची क्षमा मागू दे."

आणि तो डोंगराएवढा म्हातारा फ्रीजरपुढं उभा राहून लहान मुलासारखा रडत रडत प्रार्थना म्हणू लागला. त्याच्या आईवर होती ती शाल. त्याच्या बायकोवर होती.

५

"हे तर पिरिपीच्या विरोधातच जातं," हॅगर्टी म्हणाले.

मेरेआनानं स्वयंपाकघरातल्या फ्रीजरचं झाकण धाडकन बंद केलं.

"त्याचं स्वयंपाकघर, त्याचा फ्रीजर. बाई, तू माझं काम सोपं केलंस."

"सार्जंट, तुम्ही या गावात किती वर्षं चहा पिताय? तुमच्या लेकीच्या लग्नाचं जेवण याच स्वयंपाकघरात शिजलं ना? पिरिपी ती शाल मटणाखाली ठेवेल? तुमच्या आईची राख तुम्ही पिठाच्या डब्यात ठेवाल?"

हॅगर्टींचा चेहरा लाल झाला. "ते ठीक आहे. पण न्यायालयात रीतिरिवाज चालत नाहीत. पुरावा लागतो."

"आता लागतो! सकाळी नव्हता लागत!" मेरेआना कडाडली. मग तिनं श्वास घेतला. "बरं. पुरावा हवाय ना? मग त्या कोठीच्या दाराआड बसा. आणि कृपा करून चहा मागू नका."

शाल काका घेऊन गेले होते. तिच्या जागी मेरेआनानं काळ्या प्लॅस्टिकमध्ये एक कोरं पोतं गुंडाळून तळाला ठेवलं. मग ती बाहेर आली. बायका फेनेलाच्या निरोपासाठी पडवीत जमल्या होत्या. फेनेला मधोमध, कुणाच्या तरी तान्ह्याला मांडीवर घेऊन.

"अगं बायांनो, उठा!" मेरेआनानं दुरूनच हाळी दिली. "फ्रीजर बंद पडलाय! सगळं मटण आत्ताच्या आत्ता वाफेच्या पेट्यांत घालायचंय, नाहीतर नासेल. तळापासून रिकामा करा!"

"या थंडीत नासतंय कशाला?" एक म्हातारी पुटपुटली. "पिरिपी असता तर—"

"मी करते," फेनेला म्हणाली. तान्हं तिनं शेजारणीच्या हातात जवळजवळ कोंबलं. "तुम्ही बसा. माझा शेवटचा दिवस, एवढं तरी करू द्या मला."

ती निघाली. आधी चालत, मग भराभर.

मेरेआना तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली, तेव्हा फेनेला कोपरापर्यंत मटणात होती. तिनं काळी गुंडाळी बाहेर ओढली, छातीशी धरली, आणि बोटांनी प्लॅस्टिक चाचपून बघू लागली. आत ओल गेली का, एवढीच तिला काळजी.

कोठीचं दार उघडलं. "काय आहे त्यात, मॅडम?" हॅगर्टींनी विचारलं.

फेनेलानं मागं वळून मेरेआनाला पाहिलं. खोटं बोलायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"तुम्हाला कळत नाही," ती म्हणाली. "ती मरत होती! माझ्या डोळ्यांदेखत. आणखी दहा हिवाळ्यांत नुसता धागा उरला असता. मी तिला वाचवत होते. आमच्याकडं ती दोनशे वर्षं टिकली असती."

"कुणासाठी?" मेरेआनानं विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी! माझी आई मेली तेव्हा सगळे कुठं होते? ती शाल आमच्यासोबत थडग्याच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते. दर खेपेला थोडी झिजते, आणि झिजायलाच हवी! तिच्यावर कसर पडली तर तीही आमची. कुजायचा हक्कही आमचाच आहे, फेनेला. तो तुला कुणी दिला?"

"मी तुमच्यावर प्रेम करते," फेनेला म्हणाली, आणि दुर्दैव असं, की तेही खरं होतं.

"आणि पिरिपी?"

फेनेलानं नजर खाली घातली. "वाटलं, पुरावा नाही म्हटल्यावर दोन-चार दिवसांत सोडतील."

"दोन-चार दिवस!" मेरेआनाचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या घरी येऊन रडलीस. माझा हात धरलास. आणि त्याच तोंडानं काकांचं नाव घेतलंस."

हॅगर्टींनी घसा खाकरला. "मॅडम, चला. सावकाश. तुमच्या पिशव्या माझा माणूस आणेल." आणि त्यांनी फेनेलाला दार उघडून धरलं.

६

दिवस कलताना पिरिपी घरी आला. आल्या आल्या त्यानं फ्रीजरमधलं सगळं मटण पोरांच्या मदतीनं शेतात पुरलं. एका मेंढीचंही तोंड बघवेना, म्हणाला. फ्रीजरही स्वयंपाकघरातून हलवला. शाल आता पूर्वजांच्या घरात, भिंतीवरच्या आपल्या जुन्या जागी होती, आणि क्रॅडॉकनी ती परत मागायचं धाडस केलं नव्हतं.

मग बहीण-भाऊ आणि हुइया अशी तिघं गरम पाण्याच्या कुंडात उतरली. वरून थंडी बोचत होती, खालून पाणी अंग शेकत होतं. वाफेत एकमेकांचे चेहरे दिसत होते, नव्हते.

"चौकीतला चहा बाकी तुझ्यापेक्षा बरा करतात, ताई," पिरिपी म्हणाला.

"मग तिथंच राहायचंस."

तो हसला. पण हसताना त्याचे खांदे अजून वर, कानांजवळच होते. दिवसभर कुणीतरी मागून हाक मारील म्हणून आखडलेले. मेरेआनानं ओंजळीनं त्याच्या पाठीवर पाणी सोडलं, लहानपणी सोडायची तसं. खांदे खाली यायला बराच वेळ लागला.

"हॅगर्टी काही बोलले का?"

"बोलले की. म्हणाले, गैरसमज झाला, मनावर घेऊ नकोस. गाडीनं पुलापर्यंत सोडलंही." तो पाण्याकडं बघत म्हणाला. "चांगला माणूस आहे तसा."

मेरेआनाला पुष्कळ बोलायचं होतं. चांगल्या माणसांबद्दलच बोलायचं होतं. पण हुइया तिच्या गळ्यात हात टाकून पाठीवर तरंगत होती, आणि पोरीचे केस ओले, ऊबदार, तिच्या गालाला चिकटले होते. म्हणून ती गप्प बसली.

"आई, चोर सापडला ना?"

"सापडला, राणी."

"मग आता पोलीस येणार नाहीत?"

"नाही येणार. झोप येतेय का तुला?"

"नाही." हुइयानं मामाच्या दंडावर बोटानं रेघ ओढली, जरा विचार केला. "पण आई, पुढच्या वेळी गावात काही हरवलं, तर ते आधी कुणाच्या घरी येतील?"